आधी समोरच्याचं

आमच्या सरांशी भांडायचं म्हणजे महाकठीण काम. ते भांडकुदळ होते म्हणून नव्हे. तुम्ही तावातावाने त्यांच्या टेबलापाशी गेलात की ते हातातला खडू खाली ठेवायचे, खुर्ची पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा. तुमचं म्हणणं आधी मी मांडतो. चुकलं तर सांगा." मग ते तुमची तक्रार तुमच्यापेक्षा चांगली मांडायचे. तुम्हाला न सुचलेला एखादा मुद्दा वर घालायचे. शेवटी विचारायचे, "हेच ना?" तुम्ही "हो, हेच," म्हणेपर्यंत तुमच्या रागातली हवा निघून गेलेली असायची.

मी जामखेडला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आले त्याच आठवड्यात त्यांनी माझा पंखा असलेला वर्ग फिजिक्सच्या जादा तासाला घेतला. मी तरातरा गेले. मला बसवून ते म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं असं, की वेळापत्रकात तो वर्ग तुमचा आहे. मी विचारायला हवं होतं. मराठीला कुठेही बसवलं तरी चालतं, असं इथं सगळे धरून चालतात. आणि बाई नवीन आहेत, त्या काय बोलणार, असंही धरून चालतात. हेच ना?" शेवटचं वाक्य मी कोणाजवळ बोलले नव्हते, आणि खरं दुखणं तेच होतं. मी मान हलवली. मग त्यांनी स्वतःची बाजू मांडली, आणि तीही इतकी पटली, की वर्ग त्यांच्याकडेच राहिला! घरी जाऊन पाणी प्यायल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण पंखा सोडून आलो आणि वर त्यांचे आभारही मानून आलो.

त्यांच्या बायकोचं दुःख तर याहून मोठं. वहिनी एकदा मला शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "आमच्या माहेरी भांडण म्हंजे भांडण हुतं. भांडी आपटायची, दोन दिवस बोलायचं न्हाई, झकास. इथं मी एक वाक्य बोलते, पुढची सगळी हेच बोलतात. ती पन माझ्या बाजूनं! मग मी भांडू कुनाशी?"

सर मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले, भातशेतीच्या डोंगरातले. आता निवृत्तीनंतर तिकडेच असतात. जिथे पाऊस नको म्हणेपर्यंत पडतो तिथला माणूस पाण्याला महाग असलेल्या जामखेडला कसा रुळला, हे कोडंच. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी विजेचा टेस्टर असायचा. नव्या खोलीत गेले की आधी स्विचबोर्ड तपासणार, मग माणसांना नमस्कार. चहाचं तर असं, की वाद मिटल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. त्यामुळे जन्मभर त्यांनी गार चहाच प्यायला असावा.

"ज्याची बाजू तुला मांडता येत नाही, त्याला खोडायचा तुला हक्क नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्याच्या जोरावर ते दर बुधवारी शेवटच्या तासाला वादविवाद मंडळ चालवायचे. मंडळाचा नियम एकच: आधी समोरच्याचं. समोरच्याच्या तोंडून "हो, हेच" निघेपर्यंत स्वतःच्या बाजूचा एक शब्द काढायचा नाही. जिंकणाऱ्याला बक्षीस नसे. समोरच्याला "हेच" म्हणायला लावणाऱ्याला मात्र वहिनींच्या हातचा शेंगदाण्याचा लाडू मिळायचा.

पद्धत थोर होती, पण घोडं पेंड खायचं ते स्पर्धेत. स्पर्धेला असतो वेळ, आणि वेळेला असते घंटा. आमची पोरं समोरच्याची बाजू इतकी मनापासून मांडायची, की स्वतःची सुरू करायच्या आत घंटा व्हायची. जिल्ह्यात आमच्या कॉलेजचं नाव झालं होतं. "जामखेडवाले आले का? मग आपलं भाषण तेच करतील," असं दुसरी पोरं उघड बोलायची. इतकी वर्षं सर पोरांना घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. मी म्हणायचे, "सर, निदान स्पर्धेपुरतं तरी आधी आपलं मांडू द्या." ते आधी माझं म्हणणं नीट मांडायचे, मग नाही म्हणायचे.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं आणि प्राचार्यांनी विषय काढला. आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते. सकाळी मैदानावर धावणारी पोरं त्यांना दिसायची, आणि त्यातली चार तरी पोलिसात लागावीत म्हणून त्यांचा जीव तुटायचा. ते म्हणाले, "सर, तुम्ही गेल्यावर बुधवारचा तास मी भरतीच्या वर्गाला देणार. वादविवादानं आजपर्यंत आपल्याला काय मिळालं? एक ढाल न्हाई." मग सरांचा चेहरा बघून त्यांनाच कसंसं झालं असावं. "बरं, यंदा ढाल आणा. आणलीत तर मंडळ राहील. शब्द देतो."

सरांनी गार चहा एका घोटात संपवला. एवढं एकच काम त्यांना मागे ठेवून जायचं होतं. घर, जमीन, पेन्शन यांबद्दल त्यांच्या तोंडून कधी शब्द ऐकला नाही. बुधवारच्या तासाबद्दल मात्र ते आईने पोराबद्दल बोलावं तसं बोलायचे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला विषय होता, हवामानबदल रोखायचा तर वीज कशाची करायची: कोळशाची, अणूची, की ऊन-वाऱ्याची? बाजू कोणती ते स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठी काढून ठरणार, म्हणजे तयारी तिन्हींची. आमच्याकडे हवामानबदल पुस्तकातून शिकवावा लागत नाही. उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. पाऊस आला तर एका रात्रीत बांध फोडून जातो, नाहीतर तोंड दाखवत नाही. पोरं त्यावर तावातावाने बोलत. उपाय काय म्हटलं की मात्र प्रत्येकाला एकच बाजू दिसायची.

एक मुलगा म्हणाला, अणू म्हणजे बॉम्ब. बाकीचे हसले. सरांनी हसणाऱ्यांनाच उभं केलं. "भीती हीसुद्धा बाजू असते. तिला हसायचं नाही, ती मांडायची. तुमच्या गावाशेजारी अणुभट्टी येणार आहे आणि तुमची आई तुम्हाला काही विचारतेय. काय विचारेल?" पोरं हळूहळू बोलू लागली. तो कचरा कुठं ठेवनार, काही झालं तर आमाला कोन सांगनार, खरं सांगतील का. पहिला मुलगा "हो, हेच," म्हणाला तेव्हा सरांनी त्याला फिरवलं. "आता तू अणूची बाजू मांड." आणि त्या पठ्ठ्याने ती मांडली: धूर नाही, जागा थोडी लागते, रात्रंदिवस चालते. त्या दिवशी दोन लाडू गेले.

एकदा सरांनी सगळ्यांना एका पालकाच्या टेम्पोत घातलं आणि पठारावरच्या पवनचक्क्या दाखवायला नेलं. मलाही ओढलं. वर पोचलो तर वारा म्हणून नाही. झाडाचं पान हलत नव्हतं, तिथे ती भलीमोठी पाती काय हलणार! पोरांनी खिदळायला सुरुवात केली. मी कपाळावर हात मारला. सरांना मात्र आनंद झाला होता. "उत्तम! आता बंद पवनचक्कीखाली उभं राहून तिची बाजू कोण मांडतंय?"

पुढे आली अश्विनी. बारावी सायन्सची, जामखेडजवळच्या एका वाडीवरची, जिभेला हाड नसलेली. वर बघत ती म्हणाली, "सर, आमची इहीर उन्हाळ्यात आटती. म्हनून कोनी इहीर बुजवतं का?"

"हेच!" सरांनी टाळी वाजवली. "आता समोरच्याचं. विहीर आटल्यावर काय करता?"

"टँकर बोलावतो."

"मग इथला टँकर कोण?"

तिने पुन्हा वर पात्यांकडे बघितलं. सर थांबले. ते थांबायचे तेव्हा खरंच थांबायचे, पोराच्या तोंडात उत्तर कोंबायचे नाहीत. "कोळसा," ती म्हणाली. "लई शिव्या घालतो आमी टँकरला. पानी गढूळ, येळेवर येत न्हाई. पन आलाच न्हाई, तर आमीच रस्त्यात जाऊन उभं ऱ्हातो." सरांनी पिशवीतून लाडू काढून तिच्या हातावर ठेवला.

स्पर्धा नगरला. पाटीवर आता अहिल्यानगर आहे. प्राचार्यही जीपमध्ये बसले. शब्द दिला होता, तर निकाल डोळ्यांनी बघावा असं त्यांना वाटलं. सकाळी चिठ्ठ्या निघाल्या. अश्विनी धावत आली आणि घरात कोणी आजारी पडल्याची बातमी द्यावी तशी म्हणाली, "सर, आपल्याला कोळसा आलाय!" ऊन-वारा शहरातल्या एका मोठ्या कॉलेजला, अणू राहाता तालुक्यातल्या मुलींना, आणि सगळं जग ज्याच्या नावाने बोटं मोडतं तो कोळसा आमच्या पदरात. प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. सर सणाला पुरण वाढल्यासारखे खुशीत होते.

पहिली बोलली राहात्याची मुलगी. नेटकं बोलली. मग अश्विनी. काय होणार हे मला माहीत होतं. तसंच झालं. तिने आधी अणूची बाजू घेतली. राहात्याच्या मुलीने सांगायचा राहिलेला मुद्दाही सांगितला आणि सरळ तिच्याकडे वळून विचारलं, "ताई, हेच ना?" ती मुलगी भांबावून "हो" म्हणाली. सभागृह हसलं. मग ऊन-वारा. "ऊन कोणाच्या मालकीचं नाही. ते खाणीतून उकरावं लागत नाही, बोटीने आणावं लागत नाही. आमच्या तालुक्यात दुसरं काही पिको न पिको, ऊन पिकतं. आणि उन्हाची वीज शेताला आली तर शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येईल, रात्री झोपता येईल. दादा, हेच ना?" शहरातल्या कॉलेजचा ब्लेझरवाला मुलगा हातातली टिपणं विसरून मान डोलवत होता.

"आता माझी बाजू," अश्विनी म्हणाली. "कोळसा..."

घंटा झाली. ती थांबली, नमस्कार करून खाली आली. प्राचार्य कपाळ चोळत म्हणाले, "झालं. दोघांचा प्रचार करून आली." माझ्या डोळ्यांसमोर बुधवारचा तास, त्या बाकांवर भरतीची गाइडं घेऊन बसलेली पोरं आणि दाराबाहेर टेस्टर घेऊन उभे सर, असं सगळं दिसायला लागलं. मला सरांचा संताप आला. एकदा, आयुष्यात एकदा त्यांनी नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं?

मग ब्लेझरवाला उठला. भाषण चोख पाठ होतं. पण पहिलं वाक्य म्हटलं आणि ते सभागृहाच्या ओळखीचं निघालं. दुसरंही. तिसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतल्या पोरांनी त्याच्या आधी शेवट करून टाकला. तो अडखळला, घाम पुसला आणि मग हसला. मोठ्या मनाचा मुलगा. "हे त्यांनी सांगितलंय," तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, माझ्यापेक्षा बरं सांगितलंय." टाळ्या पडल्या. त्या नेमक्या कोणाला, हे कोणालाच कळलं नाही.

परीक्षकांत मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. वक्त्याला प्रश्न विचारायची परीक्षकांना मुभा होती, पण जेवणाची वेळ झाली की ती कोणी वापरत नसे. बाईंनी चष्मा काढला. "कोळशाची मुलगी कुठाय? ये वर. तू सगळ्यांचं मांडलंस. तुझं ऐकल्याशिवाय मी निकाल कसा देऊ?" प्रश्नाच्या उत्तराला घंटा नव्हती.

अश्विनी वर गेली. सुरुवात तिने पुस्तकी मराठीत केली. "आमच्या शेताला लाइट रात्रीची येते. वडील बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातात. बिबट्या फिरतोय म्हणतात. ते परत येईपर्यंत आई जागी असते. ती लाइट कोळशाची. वडील तिला शिव्या देतात आणि तिचीच वाट बघतात. कोळशाने हवा बिघडवली, हे मी नाकारत नाही. आमच्याकडचा पाऊस बिघडला, तेही त्याच्या पदरात घाला. कोळशाने जायला पाहिजे." सभागृहात कुजबुज झाली. कोळशाचीच मुलगी हे म्हणत होती.

"पण आमच्या कॉलेजात कोणी जाणार असलं, की आधी चार्ज देतं. कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे, कोणतं काम अर्धं राहिलंय, कोणाला काय सांगायचंय, ते सगळं देऊन मग जातं. कोळशाला हाकलू नका. त्याला चार्ज द्यायला लावा. दिवसाची किल्ली ऊन घेईल. रात्रीची कोण घेतंय ते हात वर करून सांगा. अणू घेतो म्हणाला, तर त्याला विचारा कधी हजर होतोस. बॅटऱ्या घेतो म्हणाल्या, तर त्यांना विचारा किती वेळ टिकता. एकेक किल्ली घेणारा आला, की कोळशानं एकेक पाऊल मागं घ्यावं." इथे तिचं पुस्तक सुटलं. "आन् चार्ज घेनाऱ्यांनी बी टाळाटाळ करायची न्हाई! कोळसा हाय तवर हाय म्हनून बसायचं न्हाई. लवकर या. पन माझ्या बापाला अंधारात ठेवून कोनी निरोप समारंभ करू नका."

मग राहात्याची मुलगी उभी राहिली, ब्लेझरवाला उभा राहिला, आणि सभागृह उठलं. प्राचार्य तर खुर्चीवर चढायचेच बाकी होते. मी सरांकडे बघितलं. ते रडत होते, उघड, रुमालबिमाल न शोधता. मीही रडले. त्या मुलीचा इतका अभिमान वाटला मला, जणू तिला मीच शिकवलं होतं.

निकाल सांगायची गरज नव्हती, पण सांगितला. ढाल जामखेडला! इतक्या वर्षांनी गंगेत घोडं न्हालं. येताना जीपमध्ये ढाल प्रत्येकाच्या मांडीवर बसून आली. कोणी गाणी म्हटली, कोणी जेवणाच्या धाब्यावर मालकालाही ती धरायला लावली. ब्लेझरवाल्याने अश्विनीचा नंबर नव्हे, सरांचा नंबर मागून घेतला होता, "तुमचा तास बघायला येऊ का?" म्हणून.

इतकं झाल्यावर मंडळ राहणार हे ठरल्यातच जमा होतं. पण सर ते सर. निरोप समारंभात ढाल टेबलावर, हार गळ्यात, समोर पूर्ण कॉलेज, आणि हे उठून म्हणाले, "वादविवाद मंडळ बंद करावं, असं म्हणणाऱ्यांची बाजू आधी मांडतो."

मी शेजारी बसलेल्या वहिनींचा हात धरला. त्या म्हणाल्या, "बघा. असं हाय माझं."

सरांनी ती बाजू जीव ओतून मांडली. या तालुक्यातलं पोरगं सकाळी अनवाणी धावतं ते हौसेने नाही. त्याला वर्दी मिळाली तर घर उभं राहतं. आठवड्यातला एक तास त्याच्या परीक्षेला दिला आणि त्याचा एक गुण वाढला, तर तेवढ्यावर त्याचं नशीब फिरतं. एका ढालीने कोणाच्या घरात चूल पेटत नाही. मागे उभ्या असलेल्या भरतीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य पुढे सरकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जुना विचार परत येताना मी बघितला.

"हेच ना, सर?" सरांनी त्यांना विचारलं.

"हो," प्राचार्य म्हणाले. "हेच."

आणि सर खाली बसले! स्वतःची बाजू न मांडता. म्हणाले, "माझी बाजू मी मांडली तर ती माझ्याबरोबरच जाईल."

शेवटी प्राचार्य उठले. माइक हातात घेतला. मग म्हणाले, "सरांचं म्हणनं मी मांडतो. चुकलं तर सांगा." मी त्यांना कधीच इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "सरांचं म्हणनं असं, की आज भरतीला पळनारं पोरगं उद्या गर्दीसमोर काठी घेऊन उभं राहनार. ती गर्दी पान्यासाठी आली असंल, लाइटसाठी आली असंल. तिचं म्हणनं काय हाय, ते ज्याला स्वतःच्या तोंडानं मांडता येतं, त्याची काठी लवकर उठत न्हाई. म्हणून हा तास त्याच्यासाठीच हाय. हेच ना, सर?"

सर विचारात पडले. "एक मुद्दा राहिला," ते म्हणाले. "त्याची काठी उठत नाही, आणि गर्दीचा दगडही उठत नाही. आपलं कोणीतरी ऐकलं, एवढ्यावर माणसं घरी जातात."

हशा झाला, पण प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी माइक पुन्हा तोंडाजवळ धरला आणि तो मुद्दा घालून सगळं पहिल्यापासून परत मांडलं. मग मागे उभ्या असलेल्या भरतीच्या पोरांकडे बोट करून म्हणाले, "बुधवारचा तास जिथं हाय तिथंच राहील. आन् तुमी सगळे त्याला पहिल्या बाकावर बसनार."